हृदय ठणठणीत, ड्रायव्हर बिघडलेला

“काका, हृदय ठणठणीत आहे. तुम्हाला ॲडजस्टमेंट डिसऑर्डर झालाय,” जालन्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे आयुष्य बदललं, मनाला ते पटलं नाही, आणि मनानं तक्रार छातीकडं केली.

मला नाव आवडलं नाही. उभी हयात एसटी चालवली. मंठा-जालना रस्त्यावरचे खड्डे मला बघून बाजूला सरायचे. अशा माणसाला आजार तरी वजनदार नको?

रिटायर झालो आणि हे सुरू झालं. सकाळी पहिल्या गाडीची वेळ झाली की छाती धडधडायची. एवढी, की शेजारी विचारायला आला, पिठाची गिरणी टाकली का म्हणून. झोप उडाली. मग मी घरच चालवायला घेतलं. बायको सुमन भाकरी थापायची, मी मागं उभा: “डावीकडं घे, डावीकडं... आता सोड!”

एक दिवस तिनं पिशवी भरली. “टेंभुर्णीला लेकीकडं चालले. इथं माझा दम घुटून राह्यला. न्हाई यायची परत!”

त्या दिवशी छाती खरंच दुखली. पिशवी खाली ठेवून तिनंच मला दवाखान्यात नेलं.

ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, बराबर आला. मग टीएमटी. छातीला वायरी लावून पळत्या पट्ट्यावर चालायचं. पट्ट्यानं वेग घेतला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीतून मला म्हैस आडवी आली. मी उजव्या पायानं करकचून ब्रेक दाबला. पट्ट्याला कुठला ब्रेक! वायरींसकट टेक्निशियनच्या मांडीवर जाऊन बसलो. दुसऱ्या खेपेला तीही बराबर निघाली, आणि तिथून थेट डॉक्टरबाईंकडं रवानगी.

त्या म्हणाल्या, “मन म्हातारपणीही वाढतं, काका. लेकरू चालायला शिकतं, तरणा माणूस स्वतःला ओळखायला शिकतो. तुमच्या वयात हातातलं दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकायचं.” गोळ्या दिल्या, बोलायला येत जा म्हणाल्या. “आणि एसटीनं फिरा. प्रवासी म्हणून!”

घरी येताच सुमननं पिशवी उचलली. “मंग चला टेंभुर्णीला. पण तुम्ही ड्रायव्हरला एक शब्द बोलले, तर मी तिकडंच राहीन.”

ड्रायव्हर कालचं पोरगं. चढावर चुकीचा गिअर! मी एवढ्या शिव्या गिळल्या की संध्याकाळी जेवलोच नाही. पण बोललो नाही.

अर्ध्या वाटेत सुमनचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ती घोरत होती, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. माझ्या गाडीत ती हजारदा बसली असेल, शेजारी मात्र कधीच नाही. ड्रायव्हरच्या सीटला शेजार नसतो.

धडधड अजून कधीमधी येते. तुम्हालाही येत असेल तर आधी हृदय तपासा. ते साफ निघालं तर मनाच्या डॉक्टरकडं जायला बिलकुल लाजू नका.

टेंभुर्णीला उतरताना सुमन म्हणाली, “परवा संगंच परत जाऊ. खिडकी माझी.”