साळवे सिस्टर आणि ब्रेकचा पिवळा दिवा

साळवे सिस्टर किल्ली फिरवायच्या, पण गाडी लगेच सुरू करायच्या नाहीत. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आधी लागू द्यायच्या आणि त्यांच्याकडे बघत बसायच्या. "बोल बाई, काय दुखून राह्यलं?" असं गाडीला विचारून मगच इंजिन. मागे बसलेले लॅबचे शेख भाई रोज म्हणायचे, "सिस्टर, गाडीचा केसपेपर काढू का?" आणि सिस्टर रोज म्हणायच्या, "तुमचा काढते आधी. शुगर तपासली का या महिन्यात?"

जालना ते मंठा आम्ही तिघे त्या गाडीने जायचो. तिघेही मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात. औषधांच्या खिडकीवर मी, रक्त तपासायला शेख भाई आणि बीपी-शुगरच्या खोलीत सिस्टर. निघायची वेळ, पेट्रोलची वाटणी, टायरची हवा हे खातं माझ्याकडे होतं. अशी कामं नीट लावून ठेवल्याशिवाय मला बरं वाटत नाही. चालवण्याचं खातं मात्र सिस्टरांचं. स्टिअरिंग त्या कुणालाही देत नसत. पंचेचाळिशीत त्या गाडी शिकल्या. त्याआधीची सगळी नोकरी एसटीत दांड्याला धरून झाली होती. "लोकायच्या बगलेत डोकं घालून अर्धं आयुष्य गेलं भाऊ," त्या म्हणायच्या. "ही डबडी आली अन् मी माणसात आले. रिटायर होईस्तोवर हिच्यातच जाणार, बिलकुल."

मागच्या हिवाळ्यात एक दिवा नीट विझेनासा झाला. एबीएसचा, पिवळा. जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून ती व्यवस्था असते. दिवा कधी लागायचा, कधी नाही. शेजारच्या एकाने सल्ला दिला, वर एक टिकली चिकटवून टाका, दिसणारच नाही. दुसरा म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीला कशाला पाहिजे एबीएस, फ्यूज काढून फेका. सिस्टर भडकल्या. "ताप आला तर काय थर्मामीटर फोडता का तुमी?"

मग आम्ही एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या मुजीब मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मशीन जोडलं, पण मशीनही धड काही सांगेना. तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "सिस्टर, गाडी थांबता थांबता, एकदम हळू झाली की पेडल पायाखाली थरथरतं का?"

"न्हाई."

"बराबर आठवून सांगा."

"अहो, रोज माझाच पाय असतो त्याच्यावर. न्हाई थरथरत."

हे ऐकून मिस्त्रींनी चाकांकडे बघणं सोडलं. ब्रेक ऑइल बदललं, वायरी पुसल्या, बॅटरीची जोडणी घट्ट केली. दिवा थोडे दिवस गप्प बसला आणि पुन्हा लागला. आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. आठवडाभर दवाखाना आणि रविवारी गॅरेजचं बाकडं, असं चालू झालं. शेख भाई कंटाळून म्हणाले, "मैं एसटी से जाता. तिथं झोप तरी लागते." आणि खरंच ते एसटीने जायला लागले.

थांबताना मला खालून खरखर ऐकू यायची. मी एकदा तसं बोललोही. सिस्टर म्हणाल्या, "रस्ताच तसा हाये." रस्त्याचं काम चाललंच होतं, त्यामुळे मलाही ते पटलं.

एका सकाळी वाटूर फाट्यावर आमच्यापुढे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबली होती. सिस्टरांनी वेळेत ब्रेक दाबला. खरखर झाली, गाडी थांबायच्या जागी थांबली नाही, हातभर पुढे गेली आणि कॅनला धडकली. दूध रस्त्यावर. "बाई, डोळे फुटले का?" तो माणूस ओरडला. सिस्टर उतरल्या, आधी त्याचे गुडघे, कोपरं चाचपून पाहिली, मग दुधाचं काय ते दिलं. गाडीत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "मी ब्रेक मारल्ता, भाऊ. बराबर मारल्ता."

त्या रविवारी मिस्त्री स्वतः चालवायला बसले. बाजूला सिस्टर, मागे मी. एमआयडीसीतला रस्ता रिकामा होता. गाडी थांबत आली, खरखर झाली आणि मिस्त्रींनी चमकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. "या अल्लाह, कितना मार रहा है! सिस्टर, तुम्ही तर न्हाई म्हणत होत्या."

त्यांनी मलाही चालवायला बसवलं. माझ्या पायात जाड बूट होते, तरी कुणी खालून दार ठोठावावं तसं पेडल आपटत होतं. मिस्त्री खुशीत येऊन सांगू लागले. चाकाजवळ एक दातेरी कडं फिरत असतं, त्याच्या दातांवरून सेन्सरला वेग कळतो. ते कडं तडकलं असणार. चाक घसरतंय असं समजून गाडी उगीचच ब्रेक सोडून देत होती. सिस्टर पहिल्याच दिवशी थरथरतं म्हणाल्या असत्या तर पहिल्याच दिवशी चाक उघडलं असतं.

सिस्टर ऐकत नव्हत्या. त्यांनी मला उठवून बाजूला बसवलं आणि स्वतः चालवायला बसल्या. थोडं पुढे नेऊन ब्रेक दाबला. खरखर झाली.

"आत्ता मारलं का पेडलनं?" मिस्त्रींनी मागून विचारलं.

"मारत असणार. आवाज आला ना."

त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी पायाने पुन्हा गाडी चालवली, पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा खरखर झाली. त्या पायाकडे पाहतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सोमवारी पेशंट संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. "दार लोट." टेबलावर त्यांचा तो नायलॉनचा जाड दोरा होता. साखरेने पाय बधिर होतात, म्हणून पेशंटांच्या तळव्याला तो टेकवून त्या विचारायच्या, लागतंय का. गावोगावच्या माणसांना त्यांनी दटावून चपला काढायला लावल्या होत्या. साखर त्यांनाही बरीच वर्षं होती. गोळ्या माझ्याच खिडकीवरून न चुकता न्यायच्या. आज त्या पेशंटच्या स्टुलावर बसल्या, उजवा पाय खुर्चीवर ठेवला आणि डोळे मिटले. "लाव. लागलं की सांगते."

मी अंगठ्याला दोरा टेकवला. बोटांखाली टेकवला. मग कडेला, मग टाचेला.

"लाव ना, भाऊ. कशाची वाट पाहून राह्यला?"

मी दोरा टेबलावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"झालं व्हय?"

"झालं, सिस्टर."

त्यांनी चप्पल घातली. "लोकायचे पाय पाहून पाहून म्हातारी झाले," त्या हसून म्हणाल्या, "अन् माझे चपलेतच राह्यले." मग टेबल पुसलं, दोरा डबीत ठेवला आणि मोठ्या डॉक्टरांकडे स्वतःचा केसपेपर घेऊन गेल्या.

मिस्त्रींनी कडं बदललं. तो दिवा पुन्हा लागला नाही. मी सिस्टरांना म्हणालो, आता मी चालवतो, तुम्ही बाजूला बसा. त्यांनी दोन-चार दिवस बसून पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई जमत. पुढचा ट्रक मला दिसून राह्यला अन् ब्रेक तुझ्या पायाखाली. जीव निस्ता टांगलेला." निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. त्यांनी गाडी विकायला काढली.

मंठ्याचा एक बियाण्याचा दुकानदार गाडी न्यायला दवाखान्यातच आला. त्याने बोनेट उघडून पाहिलं, टायरला लाथ मारली आणि विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. ब्रेकचं काई काम?"

"ब्रेक एकदम बराबर हायेत. चालवणारी बाद झाली."

तो खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला. गाडी घेऊन निघाला, कोपऱ्यावर आडव्या आलेल्या शेळीसाठी त्याने ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. सिस्टर तिथवर बघत होत्या.

मग त्यांनी पर्स खांद्याला लावली. "चल भाऊ, एसटी भेटते का पाहू. पण पळू नको. मला आता खाली बघून चालावं लागतं."