मेंढीचा पाय धरणारा हात

मी हिंगोलीच्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहिते. माझे वडील मेंढपाळ. कळमनुरीच्या बाजारात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर बाबा तोंड फिरवून सांगायचे, "पिक्चर बघती." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सिनेमा चांगला की वाईट, हे एका शब्दाचं काम. त्यावर पानभर काहून लिहायचं, हे त्यांचं ठरलेलं म्हणणं.

मेंढपाळांवरचा एक सिनेमा आला, तेव्हा मी हट्टानं त्यांना घेऊन गेले. त्यात नवी आई सावत्र मुलीला पहिल्याच संध्याकाळी पोटाशी धरते, आणि तिकडे एक मेंढी दुसरीच्या पोरक्या कोकराला पाजते. सगळं थिएटर रडलं. मीही रडले. 'आवर्जून पाहा' हे वाक्य मनात तयारही झालं.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "ती मेंढी राजीखुशी पाजून न्हाई राहिली. तिचा मागचा पाय कुणीतरी धरून ठिवलाय. मागं वळलेली मान बघितली न्हाई का तिची?"

नव्हती बघितली. परकं कोकरू मेंढी सहजासहजी लावून घेत नाही. तिचा पाय धरावा लागतो, तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळावं लागतं, चार-चार दिवस लाथा खाव्या लागतात, तेव्हा कुठे ती त्याला हुंगते. लहानपणी मी स्वतः असे पाय धरलेत, आणि थिएटरात मात्र रुमाल शोधत बसले होते.

"त्यो हात दाखवायचा व्हता," बाबा म्हणाले. "खरी मेहनत तर तिथंच हाय."

मग सगळा सिनेमा मला नव्यानं दिसला. धरणारा हात लपवला, तशीच परक्या लेकराला आपलं करतानाची त्या बाईची ओढाताणही लपवली होती. आवडला तो आवडलाच. पण आपल्याला कुठे चकवलं, तेही कळलं. मी तेच लिहिलं, आणि हे माझ्या वडिलांनी पाहिलं, असंही लिहिलं. इतक्या अभिमानानं मी आजवर दुसरी ओळ लिहिलेली नाही.

पुढच्या बाजारी एका पाहुण्यानं तो लेख आम्हा दोघांसमोर मोठ्यानं वाचला. बाबा मान खाली घालून ऐकत होते. वाचून झाल्यावर पाहुण्यानं विचारलं, पिक्चर चांगला की वाईट, तेवढं सांगा.

"तसं न्हाई इचारायचं," बाबा म्हणाले. "काय दिसलं ते इचार. माझी पोरगी तेच काम करून राहिली."