पाहुण्यांची कोरडी खुर्ची

माझी भाची डायव्हिंगच्या स्पर्धेत प्रत्येक उडीआधी छोट्या टॉवेलने हातपाय खसाखसा पुसायची. हवेत गुडघे छातीशी कवटाळताना ओल्या नडगीवरून हात निसटतो, म्हणून. शेवटच्या उडीआधी आयोजकांनी कठड्यावरचा तोच टॉवेल उचलला आणि पाहुण्यांची भिजलेली खुर्ची पुसली.

"काका, माझा टॉवेल!"

"अगं, पुन्हा पाण्यातच जायचंय ना तुला?" ते हसले.

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. ती तशीच ओली वर चढली. हवेत हात निसटला आणि ती पाठीवर आपटली. तो आवाज आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते. आपल्याला कळत नाही ते सगळं फालतू, असं ठरवून मोकळं व्हायला यांना लाज कशी वाटत नाही?

पाहुणे "अरेरे" म्हणाले. उठले मात्र नाहीत. खुर्ची छान कोरडी झाली होती.