रायाची विहीर

हे मी आईला सांगितलेलं नाही. मामीला नाही. ज्यांच्याबरोबर दीड वर्ष काम केलं त्या लोकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि लपवून ठेवायचाही आता कंटाळा आलाय. पहिल्या वर्षी फार वाईट वाटायचं. आता नुसतं थकायला होतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं. साताऱ्यात इंग्रजी शाळेत शिकले मी. अडचणीचं काही बोलायची वेळ आली की अजूनही इंग्रजीत शिरते. तिथे सगळं जरा दुसऱ्या कुणाचं वाटतं. म्हणून हे मराठीत.

कुठून सुरू करू? खेळापासूनच करते.

माझा सुधीरमामा सांगलीला इंजिनिअरिंग शिकत असताना त्यांच्या हॉस्टेलवर एक खेळ चालायचा. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि एका कल्पित मुलखाचं वर्णन करत जातो. बाकीचे त्या मुलखातलं एकेक पात्र होतात, आणि मी दार उघडतो, मी पळतो, मी खोटं बोलतो, असं सांगत जातात. जमलं की नाही ते फासे ठरवतात. परदेशात असल्या खेळांची जाडजूड पुस्तकं निघतात. मामाने कुणाकडे तरी तसलं एक पाहिलं आणि त्यातले बर्फाचे डोंगर बाजूला ठेवून आपला मुलूख रचला — बारा घाटांचा मुलूख. त्याच्या पश्चिमेला धुकं आणि न थांबणारा पाऊस, ते सरळसरळ महाबळेश्वर. मधल्या टेकडीवर देवी, ती औंधची. आणि पूर्वेला कोरडवाट. पाऊस जिथे वाट चुकल्यासारखा कधीतरी येतो, असा प्रदेश. तो मिलिंदकाकांमुळे आला.

मिलिंदकाका मामाचे खोलीतले सोबती. गाव कवठे महांकाळ, दुष्काळी पट्ट्यातलं. कॉलेजात असताना ते पहिल्यांदा वाईला मामाच्या घरी आले, तेव्हा त्यांना चहा वेगळ्या कपातून दिला गेला होता. का, ते तुम्हाला सांगायला नको. मामाने काही न बोलता तो कप स्वतः उचलला आणि आपला त्यांच्यापुढे ठेवला. हे आईने मला सांगितलं, तेही एकदाच, खालच्या आवाजात. ते दोघे स्वतः याबद्दल कधी बोलल्याचं मला माहीत नाही.

त्या खेळाच्या झेरॉक्स मिरजेला, कराडला, पुण्याला हॉस्टेलांमधून फिरल्या. आज साठीला आलेली माणसं एकमेकांना अजून त्यातल्या पात्रांच्या नावाने हाक मारतात. मी मोठी झाले ती सुट्टीत मामाकडे हाच खेळ खेळत. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलगी तिथे मात्र घाट अडवून धरायची.

त्या मुलखाचा एक नियम होता. कुणाचं पात्र मेलं की ते जिथे पडलं त्या जागेला त्याचं नाव मिळायचं. आणि ज्याचं ते पात्र, त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहायचं — कसा गेला, आणि तिथे मागे काय राहिलं. गेलेल्यांची वही म्हणायचे तिला. तिची झेरॉक्स कधीच काढली नव्हती. ती एकच होती.

मामा गेला. त्याची ट्रंक साताऱ्याला आमच्याकडे आली. मग पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनाने विचारलं, बारा घाटांचा मुलूख नव्याने काढायचा का? नवीन आवृत्ती, नियम सोपे करून, रंगीत नकाशा, खोक्यात घालून. संकलन मी करायचं ठरलं. मी हो म्हणाले. तेव्हा खरंच आनंद झाला होता, तेवढं मला म्हणू द्या.

नकाशा काढणारी चित्रकार सांगलीची. तिला दाखवायला मी वही घेऊन निघाले. अर्ध्या वहीचे फोटो फोनमध्ये काढले होते, उरलेली पानं तिच्याकडे काढू म्हटलं. साताऱ्याहून एसटी. बॅग वरच्या रॅकवर, मी खिडकीशी. इस्लामपूरच्या पुढे झोप लागली. सांगली आली तशी धडपडत उतरले — पर्स हातात, बॅग वर. गाडी मिरजेला निघून गेली तेव्हा कळलं.

आता बघा. यात माझी चूक किती? विसरतं माणूस. इथपर्यंत असतं तर मी आज हे लिहीतच बसले नसते.

स्टँडवर चौकशीची खिडकी होती. रांगेत सगळे पुरुष. मी मनात वाक्य जुळवत होते. बॅग राहिलीय. काय होतं बॅगेत? वही. कसली वही? एका खेळात मेलेल्या माणसांची नावं — मागचे हसतील, आतला माणूस पुन्हा विचारेल, मोठ्याने. माझा नंबर आला. त्याने मान वर केली. आणि मी विचारलं, "साताऱ्याची गाडी किती वाजता आहे?"

त्याने सांगितलं. मी थँक्यू म्हणाले. बाजूला झाले.

मिरज तिथून किती लांब? अर्धा तास. रिक्षाने जाता आलं असतं. मी चित्रकाराला फोन करून बरं नाही असं कळवलं आणि परतीच्या गाडीत बसले.

प्रकाशनाला सांगितलं, वहीची मागची पानं वाळवीने खाल्लीत. त्यांनी हळहळ व्यक्त केली. म्हणाले, जमेल तसं भरून काढा, तुम्ही तर हा खेळ खेळत मोठ्या झालात. मग मी भरून काढलं. कोरडवाट जवळजवळ सगळी माझी आहे. जुन्या झेरॉक्स नकाशावर तिथे मधोमध शाईचा एक गोल होता, खालची अक्षरं काळी होऊन गेलेली. वही मी पूर्ण वाचली होती, पण तिथे काय होतं ते काही केल्या आठवेना. मामीच्या डायरीत मिलिंदकाकांचा नंबर होता. एक फोन करायचा होता. पण विचारायचं म्हणजे वही कुठे आहे ते सांगायचं. मी त्या गोलावर एक चौकी बसवली. पडक्या भिंतींची, झडती घेणाऱ्या पहारेकऱ्यांची चौकी. छान जमली होती. लोकांना आवडलीसुद्धा.

प्रकाशनाचा कार्यक्रम सांगलीतच झाला, एका लहानशा हॉलमध्ये. जुने खेळाडू आले होते. टक्कल पडलेल्या एका काकांनी नकाशावरच्या त्या चौकीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं की ह्या पहारेकऱ्यांनीच मला कोंडलं होतं, तीन रविवार बाहेर पडू दिलं नाही. बाकीचे हसले, दोघांना ते आठवलंही. मीही हसले. इतकं सोपं असतं हे? मला वाटलं, सुटले.

मग मिलिंदकाका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा खिशातून काढून पुसला, मग लावला. त्यांनी पूर्वेच्या घाटावर बोट टेकवलं आणि हळूहळू आत आणलं. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नकाशे वाचलेला माणूस. बोट चौकीवर थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं.

"हितं एक हीर हुती," ते म्हणाले. "रायाची हीर. ती कुठं गेली गं?"

आणि त्या क्षणी मला सगळं आठवलं. पान आठवलं, निळी शाई आठवली. राया हे मिलिंदकाकांचं पात्र. बाकीचे खजिन्याच्या मागे गेले तेव्हा हा पठ्ठ्या कोरडवाटेत विहीर खणत बसला होता. दर रविवारी फासे टाकायचे, दर रविवारी खडक लागायचा. बाकीचे वैतागले, मामा मात्र त्याला खणू देत राहिला. शेवटी पाणी लागलं आणि कड ढासळली. राया आतच राहिला. वहीत काकांनी लिहिलं होतं: कुणीही यावं, पाणी प्यावं. इथे कुणाचं नाव विचारायचं नाही.

त्या जागी मी झडती घेणारे पहारेकरी बसवले होते.

वाळवीचं सांगता आलं असतं ना? तेच तर तयार होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, मी जिता हाय की, मला का नाही विचारलंस? मग मी दुसरंच उत्तर दिलं. शांतपणे, अगदी नीट मराठीत.

"मामानेच काढून टाकली होती," मी म्हणाले. "त्याच्या सुधारलेल्या नकाशात ती नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला वाटलं होतं, ते वाद घालतील, शक्यच नाही म्हणतील. ते म्हणतील याची मी वाट पाहत होते, खरं सांगते. ते म्हणाले असते तर बहुतेक मी कबूल केलं असतं. बहुतेक.

"कवा काढली म्हनलीस?"

"आजारपणात. शेवटच्या वर्षी."

त्यांनी बोट नकाशावरून उचललं.

"तवा तर मी दर रविवारी येत हुतो त्याच्याकडं," ते म्हणाले.

मग म्हणाले, "आसंल. मुलूख त्याचा हाय." नकाशा घडीवर घडी घालून, जसा होता तसा खोक्यात ठेवला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, चांगलं काम केलंस पोरी. चहा न घेता गेले.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. तुमच्या लक्षात येतंय का? माझं खोटं चाललं, ते मी हुशार होते म्हणून नाही. अशा जागी आपलं नाव खोडलं जाणं, तेही ज्याच्या घरी आपण जातो-येतो त्याच्याकडून, हे त्यांना पटण्यासारखं होतं. चाळीस वर्षांच्या मैत्रीच्या तळाशी कुठेतरी त्यांनी त्याची तयारी ठेवली असणार. मामाने कप बदलला होता. मी तो परत होता तिथे ठेवला.

मामा बोलायला परत येणार नव्हता, हेही मला माहीत होतं.

त्यानंतर मिलिंदकाका मामीकडे आले नाहीत. मामाच्या तिथीला दर वर्षी यायचे, पंगतीला बसायचे, मामीला काय हवं-नको विचारायचे. त्या वर्षी आले नाहीत, दिवाळीला फोन नाही. मामी मला दोनदा म्हणाली, मिलिंदभाऊंना आपलं काही लागलं का गं? मी म्हणाले, वय झालंय, प्रवास झेपत नसेल. हेही मीच.

दरम्यान पहिली छपाई संपली. दुसरीच्या आधी प्रकाशनाने दुरुस्त्या मागितल्या. मी एकोणीस दुरुस्त्या पाठवल्या. एका घाटाची उंची चुकली होती, एका नदीचं वळण. विहीर त्यात नव्हती. लिहिली होती, विसावी म्हणून. पाठवताना काढली. आता परत आली तर कुठून आली, असं कुणीतरी विचारलं असतं.

गेल्या महिन्यात मिलिंदकाकांचा फोन आला. अनोळखी नंबर मी उचलत नाही. हा का उचलला, माहीत नाही. आधी आईची चौकशी केली, मग माझ्या नोकरीची. मग सांगितलं, कवठ्याच्या वाचनालयात आता दर रविवारी ते खेळ मांडतात. रविवार मोकळेच असतात म्हणाले. कॉलेजातल्या चार पोरी येतात, लय भांडतात, सूत्रधाराचं ऐकत नाहीत. आवाजात हसू होतं.

मग घसा साफ केला.

"आवं, एक इचारायचं हुतं," ते म्हणाले. मला. त्यांच्यापेक्षा निम्म्याहून लहान मला, आवं. "त्यातली एक पोरगी कोरडवाटंत हीर खणायची म्हणतीया. त्या चौकीच्या अंगाला. मी काय शिकवलं न्हाई तिला, तिचं तिलाच सुचलं. पण सुधीरनं काढली म्हंजे कायतरी कारण आसंल. तिथं खणू नये आसं काय हाय का नियमात?"

खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. ती पूर्ण झटकून, दोरीवर टाकून, चिमटे लावून होईपर्यंत मी गप्प होते. ते थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

सांगायला एवढा वेळ पुरेसा होता.

"नाही," मी म्हणाले. "नियमात तसं काही नाही. खणू द्या तिला."

ते म्हणाले, बरं झालं विचारलं. आभार मानले आणि फोन ठेवला.