रेघेवरचे नऊ

शुगर लँड या गावात राहायला आले तेव्हा शेजारच्या काकूंशी ओळख झाली. त्या सत्तरी ओलांडलेल्या, डोळ्यांच्या सर्जन म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी एअर रायफल हातात घेतली होती. कोणी आश्चर्य व्यक्त केलं की म्हणायच्या, "आयुष्यभर श्वास रोखून एका ठिपक्याकडेच बघत आले. आता समोर पेशंट नाही, एवढाच फरक."

दर शनिवारी सकाळी त्या मला नेमबाजीच्या क्लबात ओढून न्यायच्या. माझा नुकताच घटस्फोट झाला होता. आठवडाभर मी नोकरी करत होते त्या प्लांटपर्यंत लांबलचक ड्राइव्ह, घरी आलं की भारतातल्या आईशी फोनवर तिच्या औषधांची उजळणी. शनिवारी मला फक्त झोपायचं असायचं. पण "झोपून हा थकवा जायचा नाही गं," म्हणत काकू दारात हजर.

मला नेमबाजीत रस नव्हता, म्हणून मला कार्डं तपासायला बसवलं. कागदी कार्डावर छोटी छोटी वर्तुळं असतात आणि प्रत्येकावर एकच गोळी झाडायची. दहा मीटरवरून. मधल्या ठिपक्याला दहा गुण, बाहेर जावं तसा एकेक कमी. छिद्र रेघेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो. शंका आली तर छिद्रात गेज घालायचा. गेज म्हणजे चकती असलेली एक बारीक दांडी. चकतीची कड कुठवर येते ते भिंगातून बघायचं, की निकाल लागला. काम सोपं होतं, डोकं लागत नव्हतं. मला तेवढंच झेपत होतं.

एका उन्हाळ्यात काकूंची छिद्रं बाहेर सरकू लागली. चाळीस गोळ्यांना चारशेपैकी तीनशे साठच्या वर हमखास जाणाऱ्या काकू. त्या दिवशी प्लांटमधल्या शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, कामामुळे माझी तीन रात्री झोप झाली नव्हती. एक छिद्र नऊच्या रेघेच्या जरा बाहेर दिसलं. गेज हाताशी होता, पण उचलावासा वाटला नाही. मी नऊ लिहिले. पुढच्या छिद्रालाही नऊ. शेवटी बेरीज तीनशे एकसष्ट आली आणि काकूंचा चेहरा खुलला. तो खुललेला बघून मला बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणाला तरी माझ्यामुळे बरं वाटलं होतं.

मग तीच सवय झाली. चार महिने.

नोव्हेंबरात ऑफिसच्या कामासाठी एका शनिवारी मी बाहेरगावी गेले. त्या दिवशी काकूंची कार्डं दुसऱ्या कोणी तरी तपासली. परत आले त्या संध्याकाळी काकूंचा फोन आला, "जरा येऊन जा."

डायनिंग टेबलावर जुनी सगळी कार्डं पसरलेली. हातात भिंग, शेजारी क्लबातून आणलेला गेज.

"परवा माझे तीनशे छत्तीस झाले," त्या म्हणाल्या. "वाटलं, मोजणाऱ्याची चूक असेल. परत मोजायला लावलं, तरी तेवढेच. मग ही काढून बसले." एक कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "हे किती?"

मी बघितलं. "आठ."

"तू काय लिहिलंस?"

"नऊ."

"डावा डोळा चांगला आहे माझा, म्हणून आज हे दिसतंय. उजव्याने नेम धरते, आणि त्या उजव्याला मधोमध धुरकट दिसतंय. ऑगस्टची डोळ्यांची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. म्हटलं, स्कोअर एवढा येतोय, डोळ्याला काय धाड भरलीय!"

"काकू, मला वाटलं तुम्हाला..."

"बरं वाटेल." त्यांनी भिंग खाली ठेवलं. आवाज चढला नव्हता, त्याचाच त्रास जास्त झाला. "अगं, मी डोळ्यांची डॉक्टर. घरच्या घरी एक डोळा झाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तेही केलं नाही. पेशंट असं वागले की मी त्यांना किती बोलायचे! म्हणजे चूक तुझी एकटीची नाही. पण तुझी आहे."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. उरली तेवढी नजर टिकली. गेलेली परत आली नाही. आधी आलो असतो तर किती वाचली असती, हे डॉक्टरांना विचारायचं धैर्य मला झालं नाही. काकूंनीही विचारलं नाही. कदाचित उत्तर त्यांना माहीत होतं.

मी क्लबात जाणं सोडणार होते. काकूंनी सोडू दिलं नाही. "दुसरं कोणी मोजलं तर तुझ्याबद्दलचा संशय माझ्या मनातून जाणारच नाही," म्हणाल्या. मग उन्हाळा आल्यावर त्या डाव्या खांद्याला रायफल टेकवून, डाव्या डोळ्याने नेम धरायला पहिल्यापासून शिकायला लागल्या. पहिल्या शनिवारी दोनशे बारा. मी प्रत्येक छिद्रात गेज घातला आणि होते तेवढेच लिहिले. त्यांनी आकडा वाचला, कार्डं पर्समध्ये ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या.

पार्किंगमध्ये उन्हाने सगळं तापलं होतं. मी एसी लावला आणि गाडी गार व्हायची वाट बघत डोकं मागे टेकवलं. जाग आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. काकू शेजारी तशाच बसून होत्या. म्हणाल्या, "घोरत होतीस. म्हणून उठवलं नाही."

मग मी गाडी काढली.