पंधरानंतर पुन्हा एक

रेवसच्या धक्क्याला आमची बैलगाडी लागली, तेव्हा पाणी काठोकाठ होतं. माझ्या वडिलांचा, आबांचा, अंदाज कधी चुकायचा नाही: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंधरा तिथ्या झाल्या की पुन्हा एकपासून. आमच्या नागावात हे पोरासोरांनाही येतं. मी गणित शिकायला मुंबईला निघालो होतो. माझी वळकटी बोटीत टाकून आबा म्हणाले, "वर्सभरात तिथं तुजं कुनी आयकलं न्हाय, तर माघारी ये. रहाटाला मानूस हवाच हाय."

मुंबईत आमचे प्राध्यापक दर महिन्याला संख्यांवर संशोधन करणाऱ्यांची बैठक भरवत. पुण्या-सांगलीहून मंडळी येत; आधी चहा-पाव, मग खडाजंगी. वर्ष सरत आलं तेव्हा कुठे मला बोलायला मिळालं. काय ऐटीत उभा राहिलो म्हणता! माझा शोध असा: कोणतीही संख्या घ्या, तिला पुढच्या संख्येनं गुणा, वर सतरा मिळवा. येईल ती मूळ संख्याच. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणी भागणार नाही. एकपासून पंधरापर्यंत फळ्यावर करून दाखवलं. एकही चुकलं नाही.

"सोळा घेऊन पाहिलंत?" पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं.

सोळा गुणिले सतरा, वर आणखी सतरा. म्हणजे सतरा वेळा सतरा! झालं, मेलो. डोळ्यांपुढे वाडीतला रहाट फिरायला लागला.

"पण पंधरालाच का थांबलात?" प्राध्यापक म्हणाले.

"आमच्याकडे पंधरानंतर पुन्हा एक येतो, सर," असं म्हणून मी भरतीचं गणित सांगून टाकलं. सगळे खो खो हसले. प्राध्यापक मात्र खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मग पुढच्या वेळी हेच मांडा. फिरून एकावर येणाऱ्या संख्या."

महिनाभर झपाटल्यासारखा लिहीत बसलो. भागाकारात उरणाऱ्या बाक्यांवरचा माझा तो निबंध दोन तास चालला, चहालाही कुणी उठलं नाही. आबांना कळवलं, ऐकलं माझं. त्यांनी शेजाऱ्याकडून उत्तर लिहवून घेतलं: "रहाटाला मानूस मिलाला. तू तिथंच ऱ्हा. येशील तवा भरती बगून ये." पत्र वाचून मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली?

आज ती बैठक मीच चालवतो. नवख्याला पहिला प्रश्न माझाच असतो, सोळाला पाहिलंत का? माझ्यासारखे बोटीनं इकडे आलेले भेटतात, तेव्हा घर कुठलं असं विचारतात. नागावकरांनो, मी त्यांना तुमचाच पत्ता सांगतो: जिथं पंधरानंतर पुन्हा एक येतो आणि मी चुकलेला नसतो.