बॅटरी संपली नव्हती

‘आण्णांच्या विजेच्या सायकलची बॅटरी राजवाड्यावरच्या चढावरच संपली, आणि म्हातारा-म्हातारीने ती ढकलत वर नेली.’ आमच्या कट्ट्यावरची निवृत्त मंडळी ही हकीकत आजही रंगवून सांगतात. ती साफ खोटी आहे.

मुळात सायकल मी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. पत्नीची धाकटी बहीण वरच्या वस्तीत राहते. गुडघे धरल्यापासून चार वर्षे पत्नीने तिचे घर पाहिले नव्हते. बस खालीच थांबते, रिक्षावाले तो चढ ऐकताच मान फिरवतात, आणि ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांना हा प्रश्नच पडत नाही. एका गावातल्या दोन बहिणी फोनवर भेटत होत्या.

माझी हीच पत्नी लग्नाआधी सांगलीत सायकलवरून शिवणवर्गाला जात असे. आयर्विन पुलावर वारा समोरून आला तरी ती उतरत नसे. मी तिला प्रथम पाहिले ते तिथेच, घंटी वाजवून मलाच बाजूला सारताना. माहेरची ती सायकल तिने हौसेने साताऱ्यात आणली, आणि आमच्या चढांनी दोन महिन्यांत ती भिंतीला टेकवली. सांगलीचे ते सपाट रस्ते मला आजही आठवतात; तिने मात्र त्यांचे नाव पुन्हा काढले नाही.

त्या दिवशी ती मागे कॅरिअरवर बसली होती. सायकलच्या मोटरचे बटण मी दाबले नव्हते. बहिणीच्या दारी तिला मी माझ्या पायांच्या बळावर नेणार होतो. निम्म्या चढावर थांबलो, हे मान्य.

कट्ट्यावरून हाक आली, "काय आण्णा, इंजिन तापलं व्हय?"

पत्नी खाली उतरली. "आवं, बटण काय शोभेला दिलंय? लय झाली पैलवानकी. व्हा बाजूला."

तिने पदर खोचला, बटण दाबले, पेडलला नुसते पाय लावले आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी मागून चालत निघालो. वळणापलीकडचे कट्ट्यावरून दिसत नाही. ढकलण्याचा भाग मंडळींनी पदरचा घातला.

मी पोचलो तेव्हा दोघी बहिणी ओट्यावर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहून हसत होत्या. सायकल दाराशी उभी होती. तिच्या बॅटरीचे चारही दिवे लागलेले होते.